लुडगरकाकांची एलरकाम्प मंडळी

लोहविक गावात लुडगर एलरकाम्प यांना काका न म्हणणारं माणूस शोधावं लागलं असतं. त्यांची सख्खी पुतणी एकच, आनेग्रेट. पण आमच्या भागात शेत एकाच मुलाकडे जातं, बहुधा थोरल्याकडे, आणि ज्या भावाला शेत मिळत नाही व जो लग्नाच्या भानगडीतही पडत नाही तो शेतावरच्याच माडीवरच्या खोलीत राहतो, घरात जेवतो आणि हळूहळू सगळ्या गावाचा काका होऊन बसतो. लुडगरकाका भाऊ क्लेमेन्सपेक्षा अकरा महिन्यांनी धाकटे. या अकरा महिन्यांबद्दल त्यांनी आयुष्यात चकार शब्द काढला नाही, आणि म्हणूनच गावात प्रत्येकाला ते अकरा महिने ठाऊक होते.

पोटापाण्यासाठी ते दूध तपासनीस झाले. अडतीस वर्षं काटा आणि काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन ते पंचक्रोशीतल्या गोठ्यांतून हिंडले. महिन्यातून एकदा प्रत्येक गाईचं सकाळ-संध्याकाळचं दूध वजन करायचं, नमुना घ्यायचा आणि भरेल तो आकडा लिहायचा. ज्या गाईचा आकडा मोठा, तिचा गोऱ्हा नावाजला जातो, त्यामुळे शेतकरी गयावया करत. टेरहॉर्स्टने एकदा सकाळी सकाळी दारूचा पेला पुढे करून म्हटलं होतं, "दोन किलो जास्त लिहा की, काका. कोणाचं काय बिघडतंय?" काकांनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गाय तसं म्हणाली का? मग मी कसं लिहू?" आणि एकोणीस किलो चारशे ग्रॅम लिहून पुढच्या गोठ्याकडे गेले. दारू मात्र प्यायले, हे टेरहॉर्स्ट मरेपर्यंत सांगत होता.

नावाचा नाद त्यांना लागला तो १९६९ साली. शेजारच्या गावच्या चर्चची घंटा दुरुस्तीसाठी खाली उतरवली होती. काका तिथून सायकलवरून चालले होते, थांबले, आणि घंटेच्या काठावर ओतलेली अक्षरं वाचत सुटले. 'मला एव्हर्ट एलरकाम्पने घडवलं, सन १५८७.' त्या दिवशी ते दोन गोठे विसरले. अडतीस वर्षांत एवढा एकच दिवस त्यांनी कामात हयगय केली असेल. शेत क्लेमेन्सला मिळालं होतं, गाई, जंगलाचा तुकडा, बापाची खुर्ची, सगळं त्याला मिळालं होतं. पण रक्ताची वाटणी होत नाही. एव्हर्टचं रक्त जेवढं क्लेमेन्सच्या अंगात तेवढंच आपल्याही, या विचाराने अडतीस वर्षांच्या त्या माणसाला केवढा धीर आला असेल याची कल्पना ज्याला शेत मिळालंय त्याला येणार नाही.

त्यानंतरची तेहतीस वर्षं ते एलरकाम्प गोळा करत राहिले. चारशे वर्षांत या नावाने जे जे कोणी थोडंफार नाव काढलं, ते सगळे त्यांच्या वह्यांत आले. एव्हर्ट घंटेवाला. दक्षिण अमेरिकेत जाऊन नद्यांचे नकाशे काढणारा आणि मगरीने पाय नेल्यावरही आणखी दोन नद्या काढणारा फादर बेनेडिक्ट. लष्करातला शल्यवैद्य आन्टोन, ज्याने एका लढाईत दोनशे पाय कापले आणि म्हातारपणी लाकडी पायांचा छोटा कारखाना काढला. १८४८ सालच्या फ्रँकफुर्टच्या सभेत निवडून गेलेला थेओडोर, जो वर्षभरात एकदाच उठून बोलला आणि तेही खिडकी लावून घ्या म्हणून. एका शेवाळाला आपलं नाव देऊन गेलेला शाळामास्तर. ऑपेरात गाणारी कारोला, जिच्या तीन ध्वनिमुद्रिका काकांकडे होत्या पण वाजवायचं यंत्र नव्हतं. सगळे मिळून तेवीस.

त्यात सज्जनच होते असं नाही. १७०२ साली फाशी गेलेला दरोडेखोर हिन्नेर्क एलरकाम्पही यादीत होता, आणि हिटलरच्या काळात जिल्ह्याचा पक्षप्रमुख असलेला, शेजाऱ्यांची नावं वर कळवणारा विल्हेल्मही होता. विल्हेल्मवरून कुलमंडळात, म्हणजे या आडनावाच्या सगळ्यांनी मिळून काढलेल्या मंडळात, मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष राइनहोल्ड एलरकाम्प, ड्युसेलडॉर्फचे दंतवैद्य, म्हणाले, "काका, हा कसला थोर? काढून टाका." काका म्हणाले, "नाव गाजलं की नाही? मग आकडा लिहायचा. चांगल्या गाईचा लिहायचा आणि वाईट गाईचा नाही, असं करता येत नाही." विल्हेल्म राहिला.

तर असं हे कुलमंडळ. दर तीन वर्षांनी सप्टेंबरात एलरकाम्पांच्या शेतावरच, जुन्या खळ्याच्या मोठ्या दालनात त्याचा मेळावा भरायचा. शंभर-दीडशे माणसं यायची, हॅम्बुर्गहून, ऑस्नाब्र्युकहून, एकदा तर चिलीहून. धुरांड्यात वर्षभर टांगून धुरावलेली डुकराची अख्खी मांडी मधल्या टेबलावर यायची. शेताचा धनी ओकच्या उंच खुर्चीवर बसून पहिली चकती कापायचा आणि मग सगळे तुटून पडायचे. खुर्चीवर कोणी बसायचं, याचा नियम १९७८ सालच्या पहिल्या मेळाव्यात लुडगरकाकांनीच लिहून दिला होता: शेतावर राहणारा, रक्ताचा एलरकाम्प पुरुष, वयाने सर्वांत मोठा. क्लेमेन्स आठ वेळा त्या खुर्चीवर बसला. आठही वेळा सुरीला धार काकांनी लावली आणि मूठ पुढे करून ती त्याच्या हातात दिली.

२००२ सालच्या फेब्रुवारीत क्लेमेन्स गेला. गोठ्यातून येताना दारातच बसला आणि उठलाच नाही. काकांना भावाचं दुःख झालं, खरोखर झालं. पण दफनानंतरच्या कॉफीला, लोण्याचा केक ताटलीत घेऊन बसले असताना, त्यांच्या मनात सप्टेंबरची खुर्ची आली. स्वतःची लाज वाटून त्यांनी केक तसाच ठेवला. खुर्ची काही मनातून गेली नाही. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा ती त्यांची होती.

घरात मात्र आनेग्रेटचं मत वेगळं होतं. शेत आता तिच्या नावावर होतं, आणि तिला स्वतःला खुर्चीचं काडीचं अप्रूप नव्हतं. "हॅम मी रोजच कापते," ती म्हणायची. "तीन वर्षांनी एकदा टाळ्या घेऊन कशाला कापू? पण जो माणूस पहाटे पाचला उठून दूध काढतो, त्याने बसावं की नको?"

तो माणूस म्हणजे तिचा नवरा, सिल्व्हियो. नाव ऐकून गावाने आधी त्याला इटलीचा ठरवला होता. तो निघाला पूर्वेकडचा, थ्युरिंगियाचा. पूर्व आणि पश्चिम वेगळी करणारी भिंत पडल्यावर १९९१ साली दुधाचा टँकर चालवायला इकडे आला, शेतावर रोज यायचा आणि एक दिवस राहिला. लग्नाच्या वेळी क्लेमेन्सने त्याला बाजूला घेऊन विचारलं, शेताचं नाव पुढे चालायला हवं, आमचं नाव लावशील का? सिल्व्हियोने दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हणाला. कचेरीत सही करून वुट्केचा एलरकाम्प झाला.

काकांना ते पहिल्यापासून खटकलं. "मी उद्या दारावर बिशप म्हणून पाटी लावली तर काय लोक पापं सांगायला येतील?" ते जेवताना म्हणायचे, सिल्व्हियो समोर बसलेला असतानाच. "चारशे वर्षांचं नाव, आणि मिळालं कशात? एका सहीत." सिल्व्हियो बटाटे पुढे सरकवायचा. "घ्या काका, गार होतायत." आठ वर्षांत काकांनी त्याला नावाने हाक मारली नव्हती. गावात बोलताना ते 'आनेग्रेटचा नवरा' म्हणायचे आणि रागात असले की 'आमचा घरजावई'. काकांनी आपल्या वह्यांवरून लिहिलेल्या तेवीस थोरांच्या पुस्तकाची कच्ची छपाई जुलैत आली तेव्हा हयात कुटुंबीयांच्या यादीत तो शेवटच्या पानावर, बारीक टायपात होता: 'सिल्व्हियो, विवाहाने.' आडनाव नाहीच.

आनेग्रेटने ते पान पाहिलं आणि दोन दिवस ती काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, नियम तुमचा, पुस्तक तुमचं, खुर्चीही तुमचीच. बसा. पण मी त्या दिवशी समोर उभी राहून टाळ्या वाजवणार नाही."

"टाळ्या नकोतच मला," काका म्हणाले.

ऑगस्टच्या मध्याला म्युन्स्टरहून पत्र आलं. लोहविकच्या चर्चची सर्वांत जुनी नोंदवही ओल लागून पानं चिकटल्यामुळे कितीक वर्षं बंद होती. काकांनी आयुष्यभर काम केलं होतं ते पुढच्या एका पाद्र्याने काढलेल्या स्वच्छ नकलेवर. आता मूळ वही दुरुस्त झाली होती आणि बिशपांच्या दफ्तरखान्यात बघायला मिळणार होती. पुस्तक छपाईला जाण्याआधी एकदा ताडून पाहावं म्हणून काका सकाळच्या बसने गेले. पाव आणि उकडलेलं अंडं बरोबर नेलं होतं.

१७३१ सालच्या नोव्हेंबरच्या पानावर त्यांना ते लग्न सापडलं. नकलेत नुसतं 'योहान हाइनरिश एलरकाम्प आणि आना गेझिना' असं होतं. काका त्याला आधीच्या धन्याचा, हेर्मानचा, मुलगा धरून चालले होते. मूळ वहीत पाद्र्याने सविस्तर लिहिलं होतं. काकांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि मग टेबलापाशी बसलेल्या बाईंना बोलावलं. "हे जरा वाचून दाखवता का? माझे डोळे थकलेत."

बाईंनी बोट ठेवून सहज वाचलं. "'आज हेर्मान एलरकाम्पची विधवा आना गेझिना, वेलिंगच्या शेतावरून आलेली, जिची पहिल्या नवऱ्यापासूनची सगळी मुलं हगवणीने गेली, हिचं योहान हाइनरिश श्ट्युव्हे या रोजंदाराशी लग्न लावलं. तो आता शेतावर राहायला जात असल्याने यापुढे त्याला एलरकाम्प म्हणावं.'" त्यांनी मान वर केली. "काय अडलं होतं तुमचं? हे तर तुमच्याकडचं नेहमीचंच. जो शेतावर आला त्याला शेताचं नाव."

"इतर शेतांवर," काका म्हणाले. "आमच्याकडे नाही."

"मग हे कोणाचं शेत आहे?" बाईंनी विचारलं.

ही चाल त्यांना माहीत नव्हती असं थोडंच. टेरहॉर्स्टचा पणजोबा टेरहॉर्स्ट नव्हता, हे त्यांनीच गावभर सांगितलं होतं. हेर्मानचं बीज संपलेलं. बाई दुसऱ्या शेतावरून आलेली. नवरा रोजंदार. म्हणजे १७३१ नंतर या घरात एव्हर्ट घंटेवाल्याच्या रक्ताचा एक थेंब उरलेला नव्हता. अंडं आणि पाव तसाच पिशवीत ठेवून ते दुपारच्या बसने परत आले.

संध्याकाळी त्यांनी राइनहोल्डना फोन केला. दंतवैद्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, हे जुनं अक्षर आपल्यापैकी कोणाला वाचता येतं?"

"मला."

"अजून कोणाला?"

"नाही."

"मग तुम्ही ते वाचलेलं नाही. दीडशे माणसं येतायत, मेळावा झाला की पुस्तक छपाईला जायचंय, आणि खुर्चीवर तुम्ही बसायचंय. दात दुखत नसेल तर तो उपटू नये. माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो."

काकांनी फोन ठेवला आणि त्यांना हायसं वाटलं. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण तसंच झालं. पुढचे तीन आठवडे ते रोज दुपारी अंगणात बसून सुरीला धार लावत राहिले. सुरी इतकी धारदार झाली की आनेग्रेटने ती वरच्या फळीवर ठेवून दिली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी महिन्याची दूध तपासणी होती. काकांच्या जागेवर आता एक तरुण पोरगी येत असे, कानात वायरी घालून. काका सवयीने गोठ्यात जाऊन कोपऱ्यात उभे राहिले. सिल्व्हियोची एक गाय, बेर्टा, यंदा फार दूध देत होती. तिचा गोऱ्हा निवडायला जनावर संघाची माणसं येणार होती आणि या महिन्याच्या आकड्यावर सगळं अवलंबून होतं. पोरीने काटा वाचला, "बावीस आठशे," आणि लिहायला घेतलं.

"थांबा," सिल्व्हियो म्हणाला. "तुमचा काटा जास्त दाखवतोय. रिकामी बादली लावून बघा."

पोरीने बादली लावून पाहिली. काटा दीड किलो पुढे होता. ती ओशाळली. "कोणी सांगत नाही असं," ती म्हणाली. "लिहू का मग एकवीस तीनशे?"

"भरलंय तेवढं लिहा."

काका कोपऱ्यात होते ते सिल्व्हियोला माहीतही नव्हतं. ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि माडीवर जाऊन बसले. जेवायला खाली आले नाहीत. आनेग्रेटने हाक मारली तर म्हणाले, भूक नाही. अडतीस वर्षांत किती शेतकऱ्यांनी आपल्याला थांबवून, काटा जास्त दाखवतोय असं म्हटलं होतं? त्यांनी आठवून पाहिलं. एकही नाव आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकशे बेचाळीस एलरकाम्प आले. भिंतीकडच्या टेबलावर कच्ची छपाई पेन्सिलींसह मांडून ठेवली होती, म्हणजे ज्याला आपल्या घरच्या नोंदीत काही सुधारायचं असेल त्याने सुधारावं. काळ्या पावाच्या थप्प्या होत्या, बिअरचं पिंप होतं, पोरं बाकांखालून धावत होती. राइनहोल्डनी पेल्यावर चमचा वाजवून स्वागत केलं, क्लेमेन्सची आठवण काढली आणि म्हणाले, "आणि आता ज्यांनी आपल्याला आपले पूर्वज दिले, ते आपले लुडगरकाका त्यांच्या हक्काच्या जागी बसतील."

टाळ्या पडल्या. काका खुर्चीजवळ गेले, पण बसले नाहीत. खिशातून कागद काढला आणि १७३१ ची नोंद वाचली, दूध वजनाचे आकडे वाचावेत तशी, सरळ. मग कागद घडी करून म्हणाले, "म्हणजे हिशेब असा आहे. पुस्तकातले पहिले नऊजण एका रक्ताचे. नंतरचे चौदा दुसऱ्या. आपण सगळे त्या चौदांकडचे. श्ट्युव्हे नावाच्या रोजंदाराचे. एव्हर्ट घंटेवाला आपला कोणी लागत नाही. माझाही नाही."

दालनात गलका झाला. ऑस्नाब्र्युकच्या क्लारा आत्या, वय नव्वद, हात कानामागे धरून ओरडल्या, "म्हणजे तो फाशी गेलेला आपला नाही?"

"नाही, आत्या."

"बरं झालं बाई. आणि तो विल्हेल्म?"

"तो आपलाच."

"शी," क्लारा आत्या म्हणाल्या आणि बिअर प्यायल्या.

राइनहोल्डचा चेहरा लाल झाला होता. "काका, तेहतीस वर्षं तुम्ही आम्हाला रक्त रक्त म्हणून सांगत आलात. मग आता पुस्तक काय चुलीत घालायचं?"

"पुस्तक बरोबर आहे," काका म्हणाले. "सगळे एलरकाम्पच आहेत. नियम चुकीचा आहे आणि तो मी लिहिलाय. या शेतावर जो राहायला येतो आणि इथलं काम करतो, तो एलरकाम्प. पाद्र्याने तेव्हा तेच लिहिलंय. त्या रोजंदाराला कोणी विचारलं नसणार, तुला हे नाव कशात मिळालं म्हणून." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सिल्व्हियो कुठाय?"

सिल्व्हियो मागे पिंप बदलत होता. काकांच्या तोंडून आपलं नाव आलं, हे त्याला आधी कळलंच नाही. आनेग्रेटने त्याला कोपराने ढोसलं.

"ये. बस इथे," काका म्हणाले आणि सुरीची मूठ त्याच्यापुढे धरली.

"काका, तुम्ही तीन आठवडे धार लावताय," सिल्व्हियो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हीच बसा. मला याची गरज नाही."

"मला माहीत आहे तुला नाही. बस."

"हात धुवावे लागतील."

"मग धू."

तो हात धुवायला गेला. एकशे चाळीस माणसं गप्प बसून नळाचा आवाज ऐकत राहिली. मग तो आला, खुर्चीच्या काठावर टेकला आणि सवय नसल्यामुळे पहिली चकती चांगली बोटभर जाड कापली. "अरे, बुटाला तळ लावायचाय का?" हॅम्बुर्गचा कोणीतरी म्हणाला आणि दालन हसलं. आनेग्रेट टाळ्या वाजवत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि ती काकांकडे बघत होती. काका भिंतीकडच्या बाकावर क्लारा आत्यांशेजारी जाऊन बसले. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. भलं काम केलं की बरं वाटतं म्हणतात. त्यांना त्या दुपारी तसं काही वाटलं नाही.

चारच्या सुमाराला गाड्या परतू लागल्या. काकांनी कच्च्या छपाईचं शेवटचं पान समोर ओढलं, 'विवाहाने' खोडलं आणि सिल्व्हियोला बोलावलं. "दुरुस्ती करायचीय. पूर्ण नाव, जन्म, आईबाप. सगळ्यांचं आहे तसं."

सिल्व्हियो बाकावर बसला. "जन्म बासष्टचा. वडील हेल्मुट वुट्के, सामुदायिक शेतीवर कापणीचं यंत्र चालवायचे. त्याआधी आमचं स्वतःचं शेत होतं, ओडर नदीपलीकडे. पंचेचाळीसला, लढाई संपताना, तिथून सगळ्यांना हाकललं; आजोबा हातगाडी घेऊन निघाले, वडील तेव्हा दहा वर्षांचे. तिथे आता कोण राहतं माहीत नाही."

काका लिहीत होते. "किती वर्षं होतं शेत?"

"आजोबा म्हणायचे, तीनशे. कागद सगळे तिथेच राहिले."

"भाऊ?"

"नाही. चुलते दोन होते, दोघेही लढाईत गेले. बहीण आहे, तिने नवऱ्याचं नाव लावलं."

काकांची पेन्सिल थांबली. "मग वुट्के?"

"वुट्के संपले," सिल्व्हियो म्हणाला. "मीच शेवटचा होतो. म्हणून तर दोन दिवस मागितले होते. वडील लग्नाला आले नाहीत, आठवतं का? तुम्ही विचारलं होतंत आणि आनेग्रेट म्हणाली होती, त्यांची तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती. पुढच्या वर्षी गेले. लग्नापासून ते जाईपर्यंत बोललेच नाहीत माझ्याशी."

आठ वर्षं, रोज दोन वेळा, ते या माणसासमोर जेवले होते. तेहतीस वर्षांत त्यांनी चिलीतल्या एलरकाम्पांनासुद्धा पत्रं घालून बापाचं नाव विचारलं होतं.

सिल्व्हियोने घड्याळ पाहिलं. "गाई थांबायच्या नाहीत. येतो मी."

तो गोठ्याकडे निघाला. काकांनी पान उलटलं, मागची कोरी बाजू वर केली, पेन्सिल खिशात घातली आणि त्याच्यामागे गेले. सणाचे बूट शेणात घातले, एक बादली पालथी घालून त्यावर बसले आणि गुडघ्यावर कागद धरला. यंत्र सुरू झालं होतं.

"वुट्के मंडळी," काका मोठ्याने म्हणाले. "कोण कोण होऊन गेलं ते सांग."

"कोणी नाही हो, काका. सगळे शेतकरी."

"नावं तर असतील."

सिल्व्हियोने बेर्टाच्या सडांना नळ्या लावल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. "आजोबांचं आउगुस्ट," तो म्हणाला. "त्यांच्या वडिलांचं गोटलीब. त्याच्या मागचं कोणी सांगितलं नाही मला."

काकांनी दोन्ही नावं लिहिली आणि गोटलीबच्या वर बरीच जागा मोकळी सोडली.